बसक्या गाडीतून तीन दिवस

आमच्या बागेच्या कट्ट्यावर रोज सकाळी सात-आठ म्हातारे बसतात. त्यातल्या गुरुजींनी सिंगापूरचं प्रवासवर्णन लिहिलं, पाटलांनी चारधामचं लिहिलं, अन् दोन्ही आम्हाला वाचून दाखवली. मागच्या महिन्यात मी तीन दिवस कट्ट्यावर आलो नाही, तर गुरुजींनी विचारलं, "कुठं दौरा काढला होता?" मी म्हणालो, "जालना रोड, खुलताबाद अन् गंगापूर." सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "मग तेच लिहा." मी चौथी शिकलो आहे. शुद्धलेखन गुरुजी बघणार, बाकी जसं झालं तसं आहे.

मी एकतीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवली. त्याआधी ट्रक. गाडीतलं मला कळतं. माणसातलं कळत नाही, असं मीनाची आई म्हणायची. ती पौषात गेली. हे सगळं झालं ते कार्तिकात.

मीना माझी मुलगी. दाताची डॉक्टर आहे. जावई पुण्याला नोकरीला, शनिवारी येतो. आई गेल्यापासून मीना माझ्याकडंच राहते. आठवड्यातले चार दिवस ती गंगापूरला दवाखान्यात जाते, बाकीचे दिवस शहरात. जायला-यायला आमची जीप नेते. जीप बावीस वर्षांची झाली. क्लच इतका जड की मीनाचा डावा पाय घरी आल्यावर सुजलेला असतो. यंदा ती दोनदा वाळूजपाशी बंद पडली अन् गंगापूरचे पेशंट तोंड धरून बसून राहिले.

तर मीनाला एक गाडी आवडली होती. निळी, बसकी, भारीतल्या कंपनीची, पण तीन वर्षं वापरलेली. पोरं मोबाईलवर बघतात तसली पळणारी गाडी, पण चार दारांची अन् सीट चामड्याच्या. वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणायची नाही, ही आमच्याकडची रीत. मी तसं म्हणालो तर मीना म्हणाली, "आबा, जुनीच आहे की. नवी कुठंय?" रीतही मोडली नाही अन् गाडीही बघून झाली. आईवर गेलीय.

गाडी रशीदभाईच्या आवारात उभी होती. रशीदभाई जुन्या गाड्या घेतो-विकतो, चिकलठाण्याला जागा आहे. पोरगा होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो, माझ्या बसचे ब्रेक त्याचे वडील करायचे. तो म्हणाला, "चाचा, शोरूमवाले दहा मिनटं फिरवू देतात. दहा मिनटांत बायको कळती का? तीन दिवस घेऊन जावा. रोज जिथं जाता तिथं जावा. नाय पटली तर आणून लावा, अपना क्या."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तोंड फिरवून तो स्वच्छ काचेवरच फडकं मारत बसला. मी म्हणालो, "चावी दे."

मीनानं मला आवाराबाहेर नेऊन सांगितलं, "आबा, तुम्ही चालवा. रोजच्याला चालंल का बघा. तुम्ही व्हय म्हणा, मी घेते. नाय म्हणा, सोडून देते. पण खरं सांगा."

आता ह्यातली गोम सांगतो. रशीदभाई गाडीच्या बदल्यात जीप घेणार होता. मीनाच्या आईचे गुडघे पन्नाशीतच गेले. जीप उंच, तिला चढता यायचं नाही. म्हणून मी फळ्या ठोकून वीतभर उंचीचं एक स्टूल केलं, फाटू नये म्हणून कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. ते माझ्या सीटच्या मागं पडलेलं असायचं. कुठं पोचलो की मी उतरायचो, स्टूल काढायचो, गाडीला वळसा घालून डाव्या दाराखाली ठेवायचो, मग ती दार उघडायची. बारा-तेरा वर्षं हेच.

मी व्हय म्हणालो की जीप जाणार होती. मला नाय म्हणायचं होतं. नाय म्हणायला एक धड कारण पाहिजे होतं, अन् तीन दिवस मी तेच शोधत फिरलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी गाडीला नावं ठेवली की तुम्हाला कळंल.

जालना रोड

गाडी बदलली की ड्रायव्हर आपलं सामान हलवतो. फडकं, पाण्याची बाटली, हवा बघायचं मीटर, अन् स्टूल. सगळं जीपमधून काढून निळ्या गाडीत टाकलं, जीप रशीदभाईचा माणूस संध्याकाळी घरी आणून लावणार होता. स्टूल माझ्या सीटमागं. मीनानं बघितलं अन् पुढं जाऊन बसली. डिकी काही मी उघडली नाही. आमच्या सामानाला डिकी कधी लागलीच नाही.

ह्या गाडीत माणूस बसत नाही, पडतो. ढुंगण टेकायला जावं तर सीट अजून खालीच. पाय लांब करून बसायचं, आरामखुर्चीत बसल्यागत. समोर रस्ता कमी अन् बॉनेट जास्त. जीपमधून मला रिक्षाच्या टपावरची धूळ दिसायची. इथून रिक्षावाल्याच्या बुडाखालची गादी दिसते.

क्लच नाही. हे मला माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं. आवारातून बाहेर पडताना डावा पाय सवयीनं दाबला गेला, तो ब्रेकवर. मीना पट्ट्यात लटकली. "आबा, डावा पाय मांडी घालून ठेवा," ती म्हणाली. मी खरंच तो आखडून सीटखाली दाबून धरला. मुकुंदवाडीपर्यंत पायाला मुंग्या आल्या.

पुढं सिडकोच्या सिग्नलला थांबलो अन् इंजिन बंद पडलं. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो: बरं झालं. कारण मिळालं. चार इंडिकेटर लावले, हँडब्रेक लावला, बॉनेट उघडायचा खटका ओढला, अन् खाली उतरून बॉनेट उचललं. आत बघावं तर इंजिन कुठंय तेच दिसेना, सगळं प्लास्टिकच्या झाकणाखाली. देव्हाऱ्यावर पडदा टाकल्यासारखं.

शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "चाचा, क्या ढूंढ रहे?"

"इंजिन बंद पडलंय."

"बंद नई पड्या चाचा, उसको बंद होना था. सिग्नल पे अपनेआप बंद होती, पेट्रोल बचाने कू. ब्रेक छोडे तो चालू. नई गाडी ली क्या?"

"जुनी हाय."

"गाडी या तुम?"

मागं हॉर्नचा गोंधळ उठला होता. बॉनेट आपटून आत आलो. मीना दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती, खांदे हलत होते. मला वाटलं रडायलीय. हसत होती. दहा महिन्यांत तिला हसताना मी बघितलं नव्हतं, म्हणून मग मी तिला हसू दिलं.

शहरातलं थोडक्यात सांगतो. स्टेअरिंग एका बोटावर फिरतं. ब्रेक असा की म्हैस आडवी आली तरी माणूस घाबरत नाही, अन् म्हैस आली होती, उड्डाणपुलाखाली. मागचं नीट दिसत नाही, काच लहान आहे, पण मागं घेताना पडद्यावर सगळं चित्र येतं. मी पडद्यावर भरवसा ठेवला नाही, मान काढूनच मागं घेतली. तीन दिवसांत मान दुखली, चूक माझी. गाडी कडक आहे. बारीक खड्डाही कंबरेला कळतो. टायर रुंद, पण रबर पातळ, भाकरीच्या काठासारखं. आमच्या रस्त्यांना हे रबर किती टिकंल, ह्याची मला शंका आहे, अन् ती शंका मी त्या दिवशी मीनाला तीन वेळा बोलून दाखवली.

"बरं," मीना म्हणाली, तिन्ही वेळा.

खुलताबादचा घाट

दुसऱ्या दिवशी मीनाला सुट्टी होती. मी म्हणालो, घाट चढवून बघू. माझा हिशेब असा होता की शहरात कुठलीही गाडी शहाणी वागते, चढावर तिचं खरं रूप कळतं.

दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो. एका वेळी एकच गाडी निघते, बाकीच्यांनी एकमेकांची तोंडं बघायची. समोरून लग्नाची बस आली अन् वेशीत अडकली. बसच्या ड्रायव्हरला मी उतरून चार-पाच हात मागं-पुढं घ्यायला लावलं, आरसा मिटायला सांगितलं. निघाली. वरून तो म्हणाला, "मामा, कुठं चालवत होता?" म्हातारपणी असं कुणी विचारलं की बरं वाटतं. परत येऊन निळ्या गाडीत पडलो.

घाट सुरू झाल्यावर मीना म्हणाली, "ते बटण दाबा." बटणावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. दाबलं. आवाज जाड झाला, स्टेअरिंग हाताला जड लागायला लागलं, अन् गाडी पुढं अशी सरकली की पाठ सीटला चिकटली. पहिल्या वळणावर मी सवयीनं सावकाश घेतलं. दुसऱ्यावर गाडीनं मागितलं तसं दिलं. तिसऱ्या वळणाला मला कळलं की मी एकवीस वर्षांचा असताना उसाचा ट्रक उतरवून रिकामा पळवत आणायचो, तसं चालवायलोय. गाडी रस्त्याला धरून राहते. वळणात झुकत नाही, भीती घालत नाही. डोंगराचं गवत पिवळं पडलेलं, खाली तळ्याला थोडंसं पाणी, अन् मी गाणं म्हणतो तसा तोंडानं आवाज काढत होतो. मीनानं मागाहून सांगितलं. मला ठाऊक नव्हतं.

वर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन बंद केली. मला बरं वाटत होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं, अन् त्याचा इतका राग आला की मी बटण पुन्हा दाबून ते बंद केलं, गाडी बंद असताना.

"काय झालं?" मीनानं विचारलं.

"पेट्रोल लई पीत असंल," मी म्हणालो.

खुलताबादला निजलेल्या मारुतीला नारळ फोडला. आपल्या नसलेल्या गाडीचा नारळ फोडावा की नाही, ह्यावर आमचं पायरीपाशी थोडं वाजलं. मीना म्हणाली, गाडी आपली नाही पण आत बसलेले आपण आहोत. वेशीपाशी चहा घेतला. चहावाल्याच्या पाठीमागं दर्ग्याची पांढरी भिंत, तिच्यावर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी. आमच्याकडं चहा उकळून काळा करतात, इथं दूध आटवून चहा दाखवतात. मला दोन्ही चालतात. मीनाच्या आईला इथलाच लागायचा, दर वेळी दोन कप.

उतरताना घाटात सीताफळवाल्या बसलेल्या असतात. त्यातली एक आमची ठरलेली आहे. गाडी थांबवली तर ती जागची हलली नाही, दुसऱ्याच गाडीकडं बघत राहिली. मी हाक मारली तेव्हा कमरेत वाकून आत बघितलं.

"अगं बया, जीपवाले बाबा व्हय? ह्या गाडीत तुम्ही दिसलाच नाय मला. जिमिनीलाच लागलीय की ही." मग तिनं माझ्या पलीकडं डाव्या सीटवर नजर टाकली. "अन् बाई? बाई नाय आल्या?"

मी म्हणालो, "नाय आल्या."

"मग त्यांच्यासाठी न्या," ती म्हणाली अन् दोन फळं वर टाकली. "डोळे मोठे झालेत, उद्याला पिकतील. त्यांना सांगा, पारूबाईनं दिलीत."

"सांगतो," मी म्हणालो.

खोटं बोललो असं मला वाटलं नाही. जे होतं तेच म्हणालो, आल्या नाहीत. मीनानं तोंड खिडकीकडं केलं होतं.

घेतलेल्या टोपलीत एक पिकलेलं होतं, ते फोडायला घेतलं तर मीना म्हणाली, "आबा, गाडीत नको. सीट पांढरट आहे, अन् आपली नाही." बाहेर उभं राहून खाल्लं. बिया रस्त्याच्या कडेला थुंकल्या. हे मी गाडीचा दोष म्हणून मनात धरलं. जिच्यात बसून सीताफळ खाता येत नाही, ती रोजच्याला काय कामाची?

गंगापूरकडं

तिसरा दिवस महत्त्वाचा, कारण हा मीनाचा रोजचा रस्ता. दवाखाना दुपारपर्यंत, मग तिच्या मामाकडं जेवायला जायचं ठरलं होतं. मामा म्हणजे माझा मेव्हणा दादाराव. गंगापूरच्या पुढं फाट्यावरून आत चार किलोमीटरवर त्याचं गाव. मीनाच्या आईचं माहेर.

वाळूजपर्यंत कंपन्यांच्या बस अन् कंटेनर. त्यांच्या मधून ही गाडी माशासारखी निघते. पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, एकामागं दोन-दोन जोडलेल्या. जीपमध्ये ट्रॉली ओलांडायची म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते, अर्ध्यात गेल्यावर जीप दम सोडते अन् समोरून ट्रक दिसायला लागतो. मीना हे रोज करते, हे मला माहीत होतं. शेजारी बसून तिच्या जागी स्वतःला ठेवून कधी बघितलं नव्हतं. निळ्या गाडीनं ट्रॉली ओलांडली तेव्हा मी पायावर जोरही दिला नव्हता. हेही मी मनात धरलं, पण दुसऱ्या बाजूला.

दोन्हीकडं कापूस फुटलेला होता. बाया ओट्यात कापूस वेचत होत्या, अन् गाडी दिसली की कंबर सरळ करायचं निमित्त म्हणून उभ्या राहायच्या.

मीना दवाखान्यात असताना मी बाहेर बसलो. एक गृहस्थ गालाला रुमाल लावून आले, गाडीकडं बघून म्हणाले, "आज बाई वेळेत आल्या वाटतं." इतकंच. मला ते टोचलं.

फाट्यावरून आत वळलो अन् गाडीचं पितळ उघडं पडलं. आमच्या खेड्यांत स्पीड ब्रेकर सरकार बांधत नाही, ज्याच्या घरापुढून पोरं पळतात तो बांधतो. ज्याला जितकी काळजी तितका उंच. पहिल्याच ब्रेकरला गाडीचं पोट घासलं. दुसऱ्याला मी मीनाला उतरवलं तरी घासलं. तिसऱ्याला एका आजोबानं काठीनं दाखवलं, "तिरकी घ्या, तिरकी. एकेक चाक चढवा." तसं केलं, गेली. चार किलोमीटरला पाऊण तास लागला. मी खूष होतो. मीना माझ्या तोंडाकडं बघत होती अन् तिलाही ते कळत होतं.

दादारावाच्या अंगणात गाडी उभी केली. तो अन् वहिनी ओसरीवरून उठून आले. मी उतरलो, मागचं दार उघडलं, सीटमागचं स्टूल घेतलं, गाडीला वळसा घातला, डाव्या दाराखाली स्टूल ठेवलं, पायानं हलवून बघितलं की डुगडुगत तर नाही, अन् बाजूला उभा राहिलो.

मीनानं आतून दार उघडलं. जीपचं दार स्टुलाच्या वरून जायचं. हे दार खाली असतं. पत्र्याच्या पट्टीवर ते खर्रकन घासत गेलं.

दादाराव कोंबड्यांना हाकलायला लागला, कोंबड्या कुणाच्या वाटेत नव्हत्या. वहिनी "पाणी आणते" म्हणून आत गेली अन् बराच वेळ आली नाही. मीनानं दार अर्धं ओढून घेतलं, मी स्टूल उचललं. निळ्या रंगाला खाली बोटभर लांब पांढरा ओरखडा आला होता. मी थुंकी लावून चोळलं, गेला नाही.

"दाजी, हात धुवा," दादाराव म्हणाला.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा अन् ताक. वहिनी भाजीत गूळ घालते, आमच्या घरात घालत नव्हते. दोघी नणंद-भावजय ह्यावरून आयुष्यभर भांडल्या. त्या दिवशी भाजीत गूळ नव्हता.

दादारावानं एकदा विचारलं, "वर्ष व्हायचंय अजून, अन् गाडी?"

"जुनी हाय मामा," मीना म्हणाली.

"दिसत तर नाय जुनी."

"आता ओरखडा आलाय की," मीना म्हणाली, अन् मग मलाही भाकरी मोडता आली.

निघताना वहिनीला गाडीत बसून बघायचं होतं. तिचेही गुडघे गेलेत. बसताना धपकन बसली, बसून खूष झाली, सीटवरून हात फिरवला. उतरायची वेळ आली तेव्हा काही केल्या उठता येईना. दादारावानं एक हात धरला, मी एक धरला.

"दाजी, ही गाडी हाय का आड?" वहिनी म्हणाली. "पोहरा सोडा आता."

काढली बाहेर. ती हसत होती, दादाराव हसत होता. मी हसलो नाही. मला माझं कारण मिळालं होतं.

परतीला फाटा ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा मी बोललो. "मीना, घाटाला चांगली, रस्त्याला चांगली. पण गुडघ्याच्या माणसाला ही गाडी नाय. बघितलंस ना. वहिनीला दोघांनी ओढावं लागलं. रोजच्याला कशी चालंल?"

मीना समोर बघत होती. आवाज चढवला नाही. "आबा, गुडघ्याचं माणूस आता आपल्या घरात नाय."

मी गाडी चालवत राहिलो. एक ट्रॉली गेली, मग दुसरी. गंगापूर गेलं. साखर कारखान्याला जाणारे ट्रक रस्त्याच्या कडेला रांगेनं उभे होते, ड्रायव्हर खाली स्टोव्ह मांडून बसले होते. वाळूज आलं. दोनदा जीप जिथं बंद पडली होती ती जागा मी ओळखली, मीनानं सांगितलेल्या टपरीसमोर. मीना तिथं उन्हात उभी राहून गंगापूरला फोन लावत असणार. मी तेव्हा घरी होतो, अन् फोनवर तिला म्हणालो होतो, जीप चांगली आहे, तुला चालवता येत नाही.

"घे," मी म्हणालो.

"काय?"

"गाडी घे. चांगली हाय. ब्रेक चांगले. ओलांडताना ताकद हाय, मधी अडकत नाय. तुझा पाय वाचंल. मामाकडं जाताना ब्रेकर तिरका घ्यायचा, अन् पावसाळ्यात फाट्याच्या आत न्यायचीच नाय, दादारावाला मोटारसायकल घेऊन बोलवायचं. टायरची हवा दर आठवड्याला बघायची, रबर पातळ हाय. स्टेपनी मी बघितली नाय, ती बघून घे, ह्या गाड्यांत नसती म्हणतात. पेट्रोल पिती, लिटरला दहा-अकराच्या वर देणार नाय, ते तुझं तू बघ. अन् ते बटण रोज दाबत जाऊ नको."

तिनं त्या बटणाकडं बघितलं. "तुम्ही दाबलं होतं."

"मी घाटात दाबलं होतं."

"अन् जीप?"

"जीपचं मी बघतो," मी म्हणालो.

परत चिकलठाण्याला

चौथ्या दिवशी सकाळी जीप धुतली. देताना घाण द्यायची नाही, मग ती बस असो नाहीतर जीप. डाव्या सीटची गादी एका बाजूला दबलेली आहे, मीनाची आई दाराकडं सरकून बसायची म्हणून. खालची रबरी चटई झटकली तर सीताफळाच्या बिया निघाल्या, पाच-सहा. किती वर्षांच्या ते कुणास ठाऊक. उचलल्या, हातात धरल्या, अन् परत चटईखाली टाकल्या. त्या जीपच्या आहेत.

मी जीप चालवत नेली, मीना मागून निळी गाडी घेऊन आली. रशीदभाईला आधी ओरखडा दाखवला. त्यानं खाली बसून नखानं बघितला.

"ये कैसा लगा चाचा?"

"स्टूल लागलं."

"कायका स्टूल?"

मी सांगितलं कायका ते. सगळं सांगितलं, गुडघ्यापासून. मीनाच्या आईविषयी मी बाहेरच्या माणसाशी एवढं पहिल्यांदाच बोललो. रशीदभाई तसाच उकिडवा बसून ऐकत होता. मग उठला अन् म्हणाला, "दहा मिनटांचं काम हाय. पॉलिश मारून देतो, दिसणार बी नाय."

"राहू द्या," मीना म्हणाली.

"मॅडम, माझ्याकडून हाय."

"व्हय, पण राहू द्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मीनाकडं बोट केलं. त्यानं पॉलिशचा डबा परत फळीवर ठेवला.

कागदांवर मीनानं सह्या केल्या, एक माझीही लागली. जीपची चावी मी टेबलावर ठेवली. तिच्या कड्याला मीनाच्या आईनं विणलेला लाल गोंडा होता. रशीदभाईनं न सांगता तो सोडवून माझ्या हातात दिला.

बाहेर आलो तर मीना निळ्या गाडीपाशी उभी होती. मी जीपमधलं-गाडीतलं सगळं सामान एकत्र केलं होतं. फडकं दिलं, बाटली दिली, मीटर दिलं, ते तिनं पुढं ठेवलं. स्टूल माझ्या हातात राहिलं. ह्या गाडीला त्याचा उपयोग नाही, हे मला कळत होतं. रशीदभाईकडं ठेवून जावं की काय, असंही मनात आलं. मीनानं चावीवरचं एक बटण दाबलं, डिकी आपली आपण उघडली. तिनं माझ्या हातून स्टूल घेतलं अन् आत ठेवलं.

डिकीचं सांगायचं राहिलंच होतं. तोंड अरुंद आहे, पण आत खोल आहे. स्टूल आडवं बसतं. घरापर्यंत मीनानं चालवली, मी मागं कान देऊन होतो. कुठं आवाज आला नाही.